शेवटच्या तारखेच्या आधीची तारीख

मी एका पतसंस्थेत वसुलीचं टेबल सांभाळते. कुणाचा हप्ता किती तारखेला, कुणाच्या ठेवीची मुदत कधी भरते, कुणाला आठवणपत्र गेलं आणि कुणाला थेट नोटीस काढायची, हे मला रजिस्टर न उघडता सांगता येतं. पंधरा वर्षं तेच करतेय. आणि तीच मी २०२५ च्या जानेवारीत पोटच्या पोराच्या पहिलीच्या, आरटीईतल्या म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या प्रवेशाची तारीख चुकवायला निघाले होते.

कळलं तेही हळदीकुंकवाला. संक्रांतीनंतरचा शनिवार होता. शेजारच्या गल्लीतल्या बाईंकडे वाण घेऊन उठतच होते, तर माझ्यामागे बसलेली एकजण दुसरीला म्हणाली, "तुम्ही भरला का हो आरटीईचा? आमच्या ह्यांनी कालच भरला."

मी मागे वळून विचारलं, "कसला भरला? फॉर्म तर एप्रिलमध्ये असतात ना?"

"छे हो, संक्रांतीलाच सुरू झालेत. सत्तावीसपर्यंत आहेत."

हातात वाणाची प्लास्टिकची गाळणी आणि डोक्यात नुसतं सत्तावीस, सत्तावीस. त्या दिवशी तारीख होती अठरा.

आता मी एप्रिल कुठून काढला, तेही सांगते, कारण मी काही हवेत बोलत नव्हते. अंगणवाडीतल्या आयांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दिवाळीच्या सुमाराला एक फोटो फिरला होता. कुठल्यातरी पेपरातलं कात्रण: आरटीईचे अर्ज १६ एप्रिलपासून. त्याखाली पंचवीस-तीस जणींनी हात जोडले होते, मीही जोडले. कात्रणावर साल नव्हतं. ते २०२४ चं होतं, आणि २०२४ हे वर्ष कशाच्याच हिशेबात धरण्यासारखं नव्हतं.

त्या वर्षी काय झालं, ते आमच्या जाऊबाईंनी भोगलंय. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. त्याच्या कलम १२ प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या. ही मुलं आठवीपर्यंत फी न भरता शिकतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ह्या जागांतून सूट. एप्रिलमध्ये त्या नव्या नियमाने अर्ज सुरू झाले. जाऊबाईंनी भरला, तर यादीत जवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळाच दिसायला लागल्या. मे महिन्याच्या सुरुवातीला मुंबई उच्च न्यायालयाने त्या बदलाला स्थगिती दिली. मग १७ मेपासून जुन्या नियमाने परत अर्ज. ७ जूनला सोडत काढली, पण निकाल न्यायालयात अडकला. १९ जुलैला न्यायालयाने तो बदल रद्दच केला, त्यानंतर याद्या लागल्या. तोवर शाळा सुरू होऊन महिना उलटून गेलेला. जाऊबाईंच्या पोराने एका शाळेचा गणवेश घालून पहिलीचा महिना काढला आणि ऑगस्टमध्ये दुसऱ्या शाळेचा गणवेश चढवला. पहिल्या शाळेची फी गेली ती गेलीच.

म्हणजे बघा, २०२३ ला अर्ज मार्चमध्ये, २०२४ ला एप्रिलमध्ये आणि परत मे महिन्यात, २०२५ ला थेट जानेवारीत. आणि आम्ही बायका गेल्या वर्षीचं कात्रण जपून ठेवतो, जसं काही ते पंचांग आहे.

घरी आले, कागद काढले. मुलगा नोव्हेंबर २०१९ चा. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत, त्यात तो बसत होता. आम्ही ओबीसीत येतो, वंचित गटाला उत्पन्नाची अट नाही, त्यामुळे लाखाच्या आतला उत्पन्नाचा दाखला नको. आमचे हे एसटी बसचे चालक, त्यांचा जातीचा दाखला नोकरीला लागताना काढलेला, तो आहे. जन्मदाखला आहे. मनात म्हटलं, झालं की, नऊ दिवस काय कमी आहेत?

मग पत्त्यावर आले. आमची आधार कार्डं, रेशनकार्ड, मतदान, सगळं सासरच्या गावाचं. गाव इथून चाळीस किलोमीटर. आम्ही राहतो तालुक्याच्या ठिकाणी भाड्याने, सात वर्षं झाली. आरटीईत त्या वर्षी घरापासून शाळेचं अंतर मोजत होते, एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी आणि मग एक ते तीनवाल्यांना. गावचा पत्ता देऊन इथली शाळा मिळणार नाही. भाडेकरार होता आमच्याकडे, पाचशे पानी फाइलमध्ये व्यवस्थित ठेवलेला. नोटरीचा. आणि सूचनांमध्ये सरळ लिहिलं होतं: भाडेकरार नोंदणीकृत हवा, अकरा महिन्यांचा किंवा जास्तीचा हवा, आणि अर्ज भरण्याच्या दिवसाच्या आधीचा हवा.

ते शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. कागदावर शेवटची तारीख होती सत्तावीस. पण माझी शेवटची तारीख ती नव्हतीच. माझी होती करार नोंदवण्याची, ती त्याच्या कितीतरी अलीकडे होती, आणि ती कुठल्याच नोटिशीत छापलेली नव्हती. ती घरमालक काकांच्या हातात होती.

काका माणूस भला. पाणी गेलं तर स्वतःच्या टाकीतून सोडतील. पण सरकारी कचेरीचं नाव काढलं की बिथरतात. मी रविवारी सकाळी खाली गेले तर पेपर वाचत होते.

"काका, भाडेकरार रजिस्टर करायचा होता."

"आहे की आपला. शंभरच्या स्टॅम्पावर."

"तो नोटरीचा. रजिस्टर लागतो आता, पोराच्या शाळेला."

"शाळेला माझं घर कशाला लागतंय?" पेपर खाली आला. "रजिस्टर म्हणजे उद्या घरावर तुमचं नाव."

त्यांना कुणीतरी कधीतरी सांगून ठेवलंय की करार नोंदवला की भाडेकरू घर बळकावतो. वास्तविक उलट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असलाच पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. हे मला माहीत होतं कारण संस्थेत तारण बघताना असे कागद हातातून जातात. पण सात वर्षं ज्यांच्या घरात राहिलो त्यांना कलम दाखवायचं नसतं. मी काकूंना गाठलं. काकू म्हणाल्या, "ह्यांचं मी बघते, तू माणूस बोलव." त्यात तीन दिवस गेले. काका पुतण्याच्या साखरपुड्याला गेले, त्यात आणखी एक.

माणूस आला तेवीस तारखेला, गुरुवारी संध्याकाळी. हल्ली हे घरबसल्या होतं. लॅपटॉप, छोटा कॅमेरा आणि अंगठा घ्यायचं यंत्र घेऊन एजंट येतो, दोन्हीकडचे आधार नंबर, फोटो, अंगठे, दोन साक्षीदार. माझा अंगठा लगेच उमटला. काकांचा उमटेना. आयुष्य गवंडीकामात गेलेलं, सिमेंटने बोटांवरच्या रेषाच खाऊन टाकलेल्या. एकदा, दोनदा, पाचदा. यंत्र दर वेळी लाल. एजंट म्हणाला, हात धुऊन या. धुतला. केसावर घासा. काकांच्या डोक्यावर केस नाहीत, तर त्यांनी शेजारी बसलेल्या नातवाच्या डोक्यावर घासला. तरी लाल. मग काकूंनी आतून खोबरेल आणलं, थेंबभर चोळून पुसून काढलं, आणि डाव्या हाताचं मधलं बोट ठेवल्यावर एकदाचा हिरवा दिवा लागला. काका यंत्राकडे बघून म्हणाले, "मधलं बोटच लागतंय सरकारला." काकू सोडून सगळे हसले.

एजंटची फी, नोंदणी, मुद्रांक सगळं मिळून अडीच हजारांच्या आसपास गेले. नोंदणी क्रमांकाचा कागद शुक्रवारी संध्याकाळी फोनवर आला. करारावर तारीख २३ जानेवारी. शनिवारी, २५ ला रात्री मी अर्ज भरायला बसले.

अर्ज तसा अवघड नाही, फक्त नकाशा सोडून. नकाशावर आपल्या घरावर एक फुगा नेऊन ठेवायचा असतो, त्यावरून अंतर निघतं, आणि जागा पाचच वेळा बदलता येते. आमचं घर ओढ्याच्या अलीकडे, फुगा सारखा पलीकडे पडायचा. पलीकडे पडला की हवी ती शाळा एक किलोमीटरच्या बाहेर. चौथ्या वेळेला नीट बसला तेव्हा मी माउसवरचा हात उचलायलाही घाबरत होते. दहापर्यंत शाळा निवडता येतात, मी सहा निवडल्या. उगीच लांबची टाकून लागली तर रोज नेणार कोण? आमचे हे मुक्कामी गाडीवर, आठवड्यातून चार रात्री बाहेर. अर्ज नुसता भरून चालत नाही, शेवटी पक्का करावा लागतो. तो केला, छापील प्रत काढली, तेव्हा पावणेबारा वाजले होते.

आणि दोनच दिवसांनी मुदतवाढ आली. २ फेब्रुवारीपर्यंत.

खरं सांगते, आधी रागच आला. मग संस्थेतल्या कर्जदारांची आठवण झाली. आमच्याकडेही मार्चअखेरीला व्याजसवलत योजना येते, आणि दोनदा आली की तिसऱ्या वर्षी लोक फेब्रुवारीत हप्ताच भरत नाहीत, योजनेची वाट बघतात. मुदतवाढीचं तसंच आहे. ती मिळते म्हणून लोक तिच्या भरवशावर राहतात, लोक राहतात म्हणून ती द्यावी लागते, आणि एखाद्या वर्षी देत नाहीत तेव्हा जे बुडतात ते बहुतेक रोजंदारीवरचे असतात, कारण त्यांना पहिल्या आठवड्यात कळलेलंच नसतं.

सोडत १० फेब्रुवारीला निघाली. लाखभर जागा आणि तीन लाखांवर अर्ज, तेव्हा देव पाण्यात ठेवण्यापलीकडे हातात काही नव्हतं. संदेश १४ पासून येणार होते. अर्जात नंबर ह्यांचा दिला होता, ही माझी दुसरी चूक. हे गाडी चालवताना फोन बंद ठेवतात, आणि रात्री मुक्कामाच्या गावी रेंज असली तर असली. पण सूचनेतच म्हटलं होतं की नुसत्या संदेशावर राहू नका, संकेतस्थळावर अर्जाचा क्रमांक टाकून बघा. मी रोज भांडी झाल्यावर बघायचे. पंधराला रात्री निवड झाल्याचं दिसलं. ह्यांच्या फोनवर संदेश खरंच आलेला होता, रिचार्ज संपल्याच्या दोन आणि कर्ज हवंय का विचारणाऱ्या चार संदेशांच्या मध्ये, न उघडलेला.

कागद तपासायला तालुक्याच्या पडताळणी समितीकडे जायचं होतं. रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या, कडेवर धाकटी, हाताला थोरला. त्यांनी करार पुढे केला. टेबलामागच्या सरांनी पान उलटलं, परत उलटलं, म्हणाले, "ताई, हा नोटरीचा आहे."

"एवढाच आहे सर."

"नोंदणीचा लागतो."

"मग करून आणते की. उद्या आणते."

"आता केलेला नाही चालणार. अर्जाच्या आधीचा पाहिजे."

बाईंनी काही वाद घातला नाही. करार होता तसा चार घड्यांत दुमडला आणि पिशवीत ठेवला. थोरला विचारत होता, "झालं का, आई?" माझा नंबर आला तेव्हा सरांनी माझ्या करारावरच्या तारखेवर बोट ठेवलं, मग अर्जावरच्या तारखेवर. तेवीस. पंचवीस. "चालेल," म्हणाले. दोन दिवसांचं अंतर. आणि ते हळदीकुंकवाला माझ्यामागे कोण बसलं होतं त्यावर ठरलेलं. पुढे प्रवेशालाही २८ फेब्रुवारीवरून १० मार्चपर्यंत मुदत वाढवली, पण त्या बाईंना तिचा काय उपयोग?

त्या रात्री मी स्वयंपाकघरातलं कॅलेंडर खाली काढलं. आमच्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब असतो. दीड लिटर, दोन लिटर, आला नाही. गॅस लावल्याची तारीख, किल्ली बनवणाऱ्याचा फोन. त्यातच मी इतकी वर्षं शाळेच्या तारखाही लिहीत आले होते, आणि त्या दुधात बुडून जात होत्या. फोनमध्ये गजर लावूनही बघितले होते. गजर अकरा वाजता वाजतो तेव्हा समोर खातेदार उभा असतो, हात आपोआप जातो आणि बंद करतो. बंद केलेला गजर परत वाजत नाही.

मी दुसरं कॅलेंडर आणलं, संस्थेचंच, फुकटचं, आणि देवघराशेजारी लावलं. त्यावर फक्त पोरांच्या तारखा. आणि लिहायची पद्धत संस्थेतलीच उचलली. कर्ज मंजूर करताना आम्ही आधी बघतो की कागद कुठून यायचा आहे आणि द्यायला किती दिवस घेतात. तसं उलटं मोजत यायचं. शेवटची तारीख मी काळ्या पेनाने लिहिते. तिच्या आधी कागद हातात पाहिजे ती तारीख निळ्याने. आणि त्या कागदासाठी अर्ज टाकायची तारीख तांबड्या पेनाने. उठून बघायची असते ती तांबडी. काळीकडे मी आता फारसं बघतही नाही. शिवाय घोषणा व्हायच्या आधी तारीख माहीत नसते, म्हणून गेल्या तीन वर्षांतली सगळ्यात लवकरची धरायची. उशिराची धरून मी एकदा एप्रिलमध्ये बसले होते, पुरे झालं.

ह्याचा पहिला उपयोग झाला थोरलीच्या अकरावीला. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीला बसली होती. ओबीसीच्या जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर नॉन-क्रीमीलेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचा दाखलाही लागतो, आणि तो प्रांत कार्यालयातून येतो. निकालानंतर काढायला गेलं की अख्खा तालुका तिथे. मी तिची परीक्षा संपल्यावर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच सेवा केंद्रात अर्ज टाकला. केंद्रातला मुलगा म्हणाला, "एवढी काय घाई, मावशी? निकाल तरी लागू दे." दाखला मे महिन्याच्या मध्यावर आला. पाच-सहा आठवडे. त्याच मुलाकडे जूनमध्ये ओळखीची एकजण रोज चकरा मारताना दिसायची.

अकरावीची खरी गोष्ट वेगळीच होती. आमच्याकडे तोवर अकरावी म्हणजे कॉलेजात जायचं, फॉर्म घ्यायचा, गुणपत्रिकेची झेरॉक्स जोडायची, यादी फळ्यावर. ऑनलाइन प्रवेश मुंबई महानगर, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती इथेच असायचे. २०२५ पासून ते अख्ख्या राज्याला लागू झाले. नऊ हजारांवर कनिष्ठ महाविद्यालयं, वीस लाखांहून जास्त जागा, सगळं एका ठिकाणी. गावात कुणालाच अनुभव नव्हता, त्यामुळे प्रत्येकजण तज्ज्ञ.

निकाल १३ मे रोजी लागला. १९ आणि २० ला सराव म्हणून अर्ज भरून बघायचा, २१ पासून खरा. एकवीसला सकाळपासून आम्ही मायलेकी बसलो, गोल फिरणारं चक्र बघत. मग कळलं की तांत्रिक अडचणीमुळे नोंदणी पुढे गेली, २६ पासून होणार. कॅलेंडरवर खाडाखोड. नोंदणीची मुदत वाढली, पुन्हा खाडाखोड. पहिली यादी २६ जूनला होती, ती २८ ला लागली. इथे माझी पद्धत थोडी लंगडी पडली, कारण मी तारीख अलीकडे येईल ह्या भीतीने सगळं बांधलं होतं आणि ह्या तारखा पलीकडे पळत होत्या. पळणाऱ्या तारखेचा त्रास वेगळा. आपण रोज तयार असतो आणि रोज काहीच होत नाही, मग एखाद्या दिवशी बघायचं राहतं आणि नेमकं तेव्हाच होतं.

पण भांडण झालं ते तारखेवरून नाही, पसंतीक्रमावरून. एक ते दहा कॉलेजं क्रमाने द्यायची. पहिल्या पसंतीचं मिळालं तर घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. दुसऱ्या किंवा पुढच्या क्रमाचं मिळालं तर घ्या किंवा पुढच्या फेरीची वाट बघा. थोरलीने पहिल्या क्रमावर मैत्रिणीचं कॉलेज टाकलं होतं, जिल्ह्याच्या गावी, येऊन-जाऊन तीन तास.

"तिथे लागलं तर जाशील?" मी विचारलं.

"बघू ना मग."

"मग बघायला मिळत नाही. लागलं की जायचं."

"तुला सगळं हप्त्यासारखंच दिसतं, आई."

दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच एसटीचं वेळापत्रक बापाला विचारून आली. सकाळची गाडी पावणेसहाची. क्रम बदलला. तालुक्यातलं कॉलेज पहिलं, ते दुसरं. तालुक्यातलंच लागलं.

प्रवेश घ्यायला ३० जून ते ७ जुलै असा आठवडा होता. काळ्या पेनाने सात लिहिताना सहा तारखेवर नजर गेली: आषाढी एकादशी. पंढरपूरच्या जादा गाड्या सुटतात तेव्हा चालकाच्या घरी नवरा नावाची वस्तू नसते. म्हणजे सगळं मीच करणार, आणि संस्थेतून एकच रजा मिळणार. शाळा सोडल्याचा दाखला मात्र मूळ लागतो. तो काढायला गेले तर शाळेत शिक्का होता, सही नव्हती, सर बैठकीला. दुसऱ्या दिवशी पोरीलाच पाठवलं. २ जुलैला प्रवेश झाला. यादी लागल्यापासून हे फोनवर विचारत होते, "झालं का?" झालं म्हटल्यावर मागून टाळांचा आवाज ऐकू आला आणि फोन कटला.

त्या जुलैत मी जरा तोऱ्यातच होते. दोन पोरं, दोन प्रवेश, एकही तारीख चुकली नाही.

सप्टेंबरमध्ये गौरी-गणपतीनंतर गावी दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्या त्या कॅलेंडरवर बघून सांगा, नवोदयचे फॉर्म कधी?" नवोदय म्हणजे केंद्र सरकारची निवासी शाळा, परीक्षा देऊन सहावीत जायचं. त्यांची मुलगी पाचवीत. गावातल्या मास्तरांनी सांगितलंय, हुशार आहे, बसवा. दिरांचंही चुकलं म्हणता येत नाही. आदल्या वर्षी फॉर्म मुदतवाढ मिळत मिळत सप्टेंबरच्या पुढे गेले होते आणि परीक्षा १८ जानेवारीला होती. २०२५ ला परीक्षाच १३ डिसेंबरवर आली, आणि अर्ज ऑगस्टमध्ये संपले. सहावीच्या नवोदयला पाचवीत असतानाच बसता येतं, एकदाच. पुढच्या वर्षी बघू, असं त्यात नाही.

मला ते माहीत होतं. म्हणजे, जूनमध्ये अकरावीच्या चकरांत सेवा केंद्राच्या दारावर लावलेला कागद मी वाचला होता. वाचून पुढे गेले होते. माझ्या कॅलेंडरवर माझ्याच पोरांच्या तारखा होत्या.

दीर म्हणाले, "राहू दे, तिच्या नशिबात नसेल." पोरगी ओट्यावर बसून माझ्या धाकट्याला पाढे म्हणायला लावत होती. मला तिच्याकडे बघवेना.

परत आल्यावर कॅलेंडरच्या खालच्या कोऱ्या जागेत मी नावं लिहून काढली. दिराकडची दोन, जाऊबाईंचा, माझ्या बहिणीची, संस्थेतल्या शिपाईमामांचा नातू. प्रत्येकासमोर जन्मतारीख आणि पत्त्याचा पुरावा कुठला. मामांनी विचारलं, "ताई, नातवाचं आधार कशाला बघताय?" म्हटलं, "पत्ता बघतेय."

त्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचीही मुलगी आहे, पुढच्या वर्षी पहिलीला जाईल. दोघं नवराबायको कारखान्यात, गेल्या पावसाळ्यात राहायला आलेत. करार? आहे ना, म्हणाली, नोटरीचा.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी तिला घेऊन खाली गेले. काका पेपर वाचत होते. आम्ही दोघी दारात उभ्या राहिलो, मी चपला काढून "काका," एवढंच म्हटलं. त्यांनी पेपर बाजूला ठेवला, चष्म्यावरून आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, "अगं ए, खोबरेल आण!"